वरुडच्या वेशीबाहेरील सधन लेआउटमध्ये घर: दोन वर्षांच्या वास्तव्यानंतरचा अभिप्राय

अमरावती जिल्ह्यातील वरुड शहराबाहेर, मोर्शी रस्त्याच्या अंगाने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे लेआउट पडले, त्यांतील सर्वांत सधन समजल्या जाणाऱ्या एका लेआउटमध्ये आम्ही दोन वर्षांपूर्वी तयार घर विकत घेतले. डॉक्टर, प्राध्यापक, संत्र्याचे व्यापारी आणि कृषी केंद्र चालवणारी मंडळी येथे राहतात. लेआउटचे नाव मी लिहीत नाही, कारण तेथे माझे शेजारी राहतात आणि खालच्या गल्लीतील काही जणांना आपली घरे विकायची आहेत. पण जे पाहिले, अनुभवले आणि ज्याचे पैसे मोजले, ते पूर्ण लिहीत आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. सौभाग्यवतींच्या गुडघ्याच्या दुखण्यामुळे दवाखाना जवळ हवा होता, नातवाला शाळा जवळ हवी होती, म्हणून आयुष्यभराचे गाव सोडून आम्ही तालुक्याला आलो. पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत असे हे ठिकाण आहे, आणि जो दीड गुण कापला तो घरासाठी नव्हे, वस्तीसाठी कापला आहे.

आमच्यापुढे तीन ठिकाणे होती. पहिली, महाविद्यालयाजवळची जुनी हाउसिंग सोसायटी, जेथे घरे लहान पण झाडे मोठी होती. दुसरा, गावठाणाला लागून नव्याने पडलेला स्वस्त लेआउट. तिसरा, हा सधन लेआउट. पहिल्या ठिकाणी विकाऊ घर एकच होते आणि त्याच्या वारसांचा आपसांत मेळ नव्हता, म्हणून ते लवकरच यादीतून गेले. दुसऱ्या ठिकाणच्या प्लॉटला पोचायला कागदावर रस्ता होता, प्रत्यक्षात तो शेजारच्या वावराच्या धुऱ्यावर जाऊन संपत होता. तिसऱ्या ठिकाणी काँक्रीटचे रस्ते, दिव्यांचे खांब, प्रत्येक घरापुढे उंच फाटक आणि आत चारचाकी, हे सारे पहिल्याच फेरीत डोळ्यांत भरले. मला येथे सांगायचे आहे ते एवढेच की फाटक, फरशी आणि शेजाऱ्याचा हुद्दा पहिल्या फेरीत दिसतो, पण आपले रोजचे जगणे ज्यावर उभे राहते ते पाणी, तो उतार आणि ती माती पाहायला त्याच ठिकाणी निदान तीनदा, तीन वेगळ्या ऋतूंत जावे लागते. आम्ही दोनदाच गेलो, आणि तिसऱ्या फेरीची किंमत नंतर मोजली.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण वरुड तालुक्यात घराचा विचार पाण्यापासूनच सुरू व्हायला हवा. हा संत्र्याचा मुलूख आहे. आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांसाठी, म्हणजे फुलोऱ्याच्या हंगामांसाठी, बागा पाणी ओढतात, आणि वर्षानुवर्षांच्या उपशामुळे हा तालुका भूजलाच्या दृष्टीने अतिशोषित ठरला आहे. म्हणजे पावसाने वर्षभरात जमिनीत जेवढे पाणी मुरते, त्याहून जास्त आपण बाहेर काढतो. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल अधिनियमाने 60 मीटरपेक्षा जास्त खोलीच्या विहिरीला खोल विहीर मानले आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फुटांहून थोडे कमी. आमच्या लेआउटमध्ये बोअरची गोष्ट निघाली की त्याच्या कितीतरी पुढचे आकडे कानावर पडतात. घर दाखवणाऱ्या मध्यस्थाने ‘बोअरला भरपूर पाणी आहे’ असे सांगितले आणि बटण दाबून धारही दाखवली. तो ऑक्टोबर महिना होता. ऑक्टोबरमधली धार पाहून बोअरची परीक्षा करणे म्हणजे जेवण झालेल्या माणसाची भूक मोजणे होय, हे मला, आयुष्यभर शेतकऱ्यांच्या पोरांना शिकवणाऱ्या माणसाला, त्या दिवशी सुचले नाही याचे मला वाईट वाटते.

सुदैवाने सौभाग्यवतींना ते सुचले. मी आत खोल्या पाहत असताना त्या शेजारच्या घरी पाणी मागण्याच्या निमित्ताने गेल्या आणि तेथल्या कामवाल्या बाईंशी बोलल्या. बाईंनी सरळ सांगितले, ‘नळ दिवसाआड येते काकू, पन मे मयन्यात चार-चार दिवस दिसत नाही. टाकं मोठं बांधजा.’ सबंध खरेदीत आम्हाला मिळालेला सर्वांत उपयोगी सल्ला हाच होता. जुन्या मालकांचे टाके दोन हजार लिटरचे होते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज 135 लिटर हे प्रमाण धरतात. आम्ही घरात चार माणसे, म्हणजे रोजचे 540 लिटर, आणि चार दिवसांचे दोन हजारांहून अधिक. टाके चार दिवसांच्या आतच संपणार हे कागदावरच दिसत होते. आम्ही किमतीतून टाक्याचा खर्च कमी करून घेतला आणि पाच हजार लिटरचे नवे टाके बांधले. पहिल्याच उन्हाळ्यात बोअर मेच्या दुसऱ्या आठवड्यात हवा ओढू लागला. टाके नसते तर टँकरची वाट पाहावी लागली असती.

गच्चीवरचे पाणी जमिनीत मुरवायची सोय आमच्या गल्लीत अकरा घरांपैकी दोनच घरांना होती. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला 800 मिलिमीटर पाऊस धरला, तरी साधारण चौऱ्याहत्तर हजार लिटर पाणी पडते. यातील बरेचसे पाणी येथील सधन घरे पाइपाने थेट रस्त्यावर सोडतात आणि मेमध्ये टँकर मागवतात. लेआउटला लागून एका शेतकऱ्याची विहीर आहे. पूर्वी तिला मार्चपर्यंत पाणी असायचे, असे तो सांगतो. आमच्या बोअरांनी तिचे पाणी नेले की नाही, हे मी सिद्ध करू शकत नाही, पण त्याच्याशी बोलताना मला मान वर करता येत नाही. मागील वर्षी आम्ही शोषखड्डा खणला आणि गच्चीचे सर्व पाइप त्यात सोडले. गल्लीतील आणखी तीन घरांनी यंदा खणला.

आता उताराकडे वळतो, कारण तिसऱ्या फेरीचा प्रश्न तोच होता. आमचा मुलूख उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिणेला वर्धा नदीकडे उतरतो, त्यामुळे पाऊस पडला की सारे नाले दक्षिणेकडे धावतात. लेआउटची खालची गल्ली अशाच एका नाल्याच्या काठावर आहे. आम्ही ऑक्टोबरमध्ये पाहिले तेव्हा तो नाला नव्हे, गवताची पट्टी वाटत होता. पहिल्या जुलैत एका रात्रीच्या पावसाने ती पट्टी गल्लीइतकी रुंद झाली आणि खालच्या पाच घरांच्या अंगणात गुडघाभर पाणी आले. आमचे घर वरच्या गल्लीत आहे, म्हणून आम्ही वाचलो. पण घर पसंत करताना आम्ही उतार पाहिलाच नव्हता, ही गोष्ट खरी. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने नदीपलीकडचे मोवाड बुडाले आणि 204 माणसे गेली, तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि त्यानंतरचे कित्येक दिवस आमच्या गावात दुसरे बोलणे नव्हते. ज्याने ते दिवस पाहिले, त्याने नाल्याकाठचे घर पाहताना पावसाळ्यात एक फेरी मारू नये, ही चूक मी स्वतःला माफ करू शकलेलो नाही. वरच्या आणि खालच्या गल्लीत चौरस फुटामागे दराचा फरक फारसा नव्हता. फाटके सारखीच उंच होती.

माती काळी आणि भारी आहे. कपाशीला ही माती आई असते, घराला मात्र तिच्याशी सांभाळून राहावे लागते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते, आणि पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर ती घराला दरवर्षी वर उचलते आणि खाली सोडते. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी निघणारी भेग हीच त्याची खूण. तयार घर घेण्याचा मोठा फायदा असा, की ते चार-सहा उन्हाळे पाहिलेले असते आणि त्याच्या भिंती खोटे बोलत नाहीत. मी मात्र भिंतींना नुकताच रंग दिलेला पाहून खूश झालो होतो. आमच्या ओळखीच्या गवंड्याने रंगाकडे न पाहता फरशी आणि भिंत जेथे मिळतात ती रेघ बोटाने तपासली, आतल्या कपाटांची दारे उघडून पाहिली आणि बाहेरून प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, कडेने घराला फेरी मारली. आमचे घर ठीक निघाले. त्याने आमच्याकडून घेतलेली दिवसाची मजुरी ही या खरेदीतील सर्वांत कमी आणि सर्वांत सार्थकी लागलेली रक्कम आहे.

कागदपत्रांत मात्र मला त्रास झाला, आणि तो मध्यस्थामुळे झाला. आधी त्याने याच लेआउटमधील एका कोपऱ्याच्या रिकाम्या प्लॉटवर आमच्याकडून इसार घेतला होता. रंगीत छापील नकाशावर तो प्लॉट ‘बगिच्यालगत’ दाखवला होता. मंजूर अभिन्यासाची, म्हणजे लेआउटच्या सरकारमान्य नकाशाची, प्रत मागितली तर महिनाभर टोलवाटोलवी झाली. शेवटी वकिलांनी प्रत मिळवली, तेव्हा त्या प्लॉटचा मोठा भाग खुल्या जागेत जात असल्याचे दिसले. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर लेआउट पाडताना दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते. ती साऱ्या वसाहतीची असते, कोणाला विकता येत नाही. इसार परत मिळवायला मला सहा महिने लागले आणि पूर्ण रक्कम मिळाली नाही. तो मध्यस्थ बोलायला गोड होता, घरी आला की सौभाग्यवतींना वाकून नमस्कार करीत असे. अशा वागण्याने मन विरघळते, म्हणूनच लिहितो आहे की इसार देण्यापूर्वी चार कागद हातात असावेत: सातबारा आणि त्यामागचे फेरफार, अकृषिक आदेश, मंजूर अभिन्यासाची सही-शिक्क्याची प्रत, आणि मोजणीची क प्रत. रंगीत नकाशा हा कागद नव्हे. नव्या टप्प्यातील प्लॉट असेल तर त्याचा महारेरा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारे राज्याचे प्राधिकरण) क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा; 500 चौरस मीटरहून मोठ्या नव्या प्रकल्पाला नोंदणी आवश्यक आहे, आणि नोंदणीसोबतचा नकाशा तेथेच पाहायला मिळतो.

पुढे आम्ही घेतलेल्या घराचे कागद स्वच्छ निघाले. विक्रेते डॉक्टरसाहेब नागपूरला स्थायिक झाले होते; त्यांनी एकही गोष्ट लपवली नाही, बोअर मेमध्ये दगा देतो हेही आम्ही विचारल्यावर मान्य केले.

वीज चांगली आहे, कारण हा लेआउट शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतपंपांना ठरावीक तासच वीज देणाऱ्या वाहिनीवर, नाही. गावठाणालगतच्या त्या स्वस्त लेआउटमध्ये ही गोष्ट आम्ही विचारली नव्हती. आता तेथे राहणारे एक माजी विद्यार्थी भेटले की त्यांची पहिली तक्रार तीच असते. संत्र्याच्या हंगामात मोर्शी रस्त्याने रात्रभर ट्रक जातात आणि रस्त्याकडच्या पहिल्या रांगेतील घरांना झोप लागत नाही. पश्चिमेकडे मोठ्या खिडक्या असलेली घरे दिसायला देखणी आहेत, पण आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि त्या खोल्या रात्री दहापर्यंत तापलेल्या राहतात. आमच्या घराची पश्चिम भिंत जवळजवळ कोरी आहे, आणि मला ते घर मनापासून आवडले ते याच भिंतीमुळे.

माणसांबद्दल लिहिताना मी थांबून विचार केला. येथे कोणी वाईट नाही. आजारपणात शेजारच्या डॉक्टरांनी रात्री दोन वाजता दार उघडले, आणि त्या उपकाराची परतफेड नाही. पण आमच्या गावात संध्याकाळी ओट्यावर बसले की पाच माणसे बोलत जातात. येथे फाटके बंद असतात आणि पहिले वर्ष सौभाग्यवतींनी एकटीनेच तुळशीजवळ दिवा लावला. कोपऱ्यावर किराण्याचे दुकान नाही, आणि घरकामाला येणाऱ्या बायकांना मुख्य रस्त्याच्या कडेने, ट्रकांच्या वाऱ्यात, दीड किलोमीटर चालत यावे लागते, पायवाट नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा आमच्या अंगणात चौदा जणी आल्या, त्यांत खालच्या गल्लीतील चौघी आणि त्या कामवाल्या बाईही होत्या.

सध्या खालच्या गल्लीत दोन घरे विकाऊ आहेत आणि वरच्या बाजूला, खुल्या जागेच्या उत्तरेला, एक रिकामा प्लॉट आहे. खालची घरे पाहायला येणाऱ्यांनी जुलैत, चांगला पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे आणि अंगणाच्या भिंतीवर चिखलाची रेघ कोठपर्यंत आहे ते पाहावे. उत्तरेकडचा प्लॉट जमिनीच्या दृष्टीने उत्तम आहे; मात्र त्याची दक्षिण हद्द खुल्या जागेला लागते, म्हणून मोजणी करून, हद्दीचे दगड डोळ्यांनी पाहूनच इसार द्यावा. या दोन्ही ठिकाणी घर पाहायला कोणी आले, तर वरच्या गल्लीतील पाचव्या घराचे दार ठोठावावे; पाणी आणि चहा मिळेल, आणि बोअरची मे महिन्यातली खरी हकीकतही.