खाज दोन दिवसांत थांबली आणि मी फसले

मला एचआयव्ही आहे. हे लिहिताना नाव देत नाहीये, त्याचं कारण पुढे येईलच.

निदान झालं तेव्हा माझं सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी, १४० होतं आणि अंगावर पुरळ त्याआधीपासूनच होतं. बारीक, टणक पुटकुळ्या, दोन्ही हातांवर आणि गुडघ्यांखाली अगदी सारख्याच. रात्री इतकी खाज सुटायची की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायचे. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. प्रतिकारशक्ती खाली गेली की किड्याच्या साध्या चाव्यालाही त्वचा अशी भडकते. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या चुकवू नका, सीडी फोर वर आलं की हे बसेल, पण काही महिने जातील. खाजेसाठी गोळी आणि लावायला मलमही दिलं होतं.

चार महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, ५० च्या खाली आला, सीडी फोर २१० वर गेलं. पुरळही निम्मं कमी झालं होतं. पण मला दिसायचं ते उरलेलं निम्मं. भर उन्हात पूर्ण बाह्या घालायच्या आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला "ॲलर्जी आहे" म्हणून सांगायचं, याला मी कंटाळले होते.

तेवढ्यात कुणाकडून तरी एका माणसाचा नंबर मिळाला. बोलणं अगदी गोड. "ताई, निर्धास्त राहा, तुमचं नाव कुठे जाणार नाही." हातांचे फोटो मागवले आणि म्हणाला, "हे रोगाचं पुरळ नाही. त्या गोळ्यांची उष्णता अंगावर फुटतेय. रक्त शुद्ध करायला लागेल."

हे मला पटलं, कारण त्यात तथ्याचा एक तुकडा होता. एचआयव्हीच्या काही औषधांनी पुरळ खरंच येतं. नेव्हिरापीनने बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत येतं, म्हणून ते पहिले १४ दिवस दिवसातून एकदाच देतात. संसर्ग टाळायला दिलेल्या कोट्रायमोक्झॅझोलनेही येतं. पण माझं पुरळ गोळ्या सुरू होण्याआधीचं होतं आणि गोळ्यांनी ते कमी होत होतं. एवढी साधी गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही.

त्याने पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत मलम आणि कागदाच्या पुड्यांत चूर्ण पाठवलं. दोन्हींवर नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. विचारलं तर म्हणाला, "घरगुती औषध आहे, लेबल कशाला?" मलम लावलं आणि दोन दिवसांत खाज थांबली. किती महिन्यांनी मी सलग झोपले! त्या झोपेनेच माझा विश्वास बसला. पुढे तो जे म्हणेल ते मी केलं. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "आता त्या गोळ्या बंद करा, नाहीतर माझं औषध लागू पडणार नाही." मी बंद केल्या.

भूक वाढली. गाल वर आले. "तब्येत सुधारली गं तुझी," असं जो तो म्हणायला लागला आणि मलाही तसंच वाटलं. मग जांघेत गोल चट्टे उठले आणि पसरत गेले. मलमाखालची कातडी पातळ होऊन चकाकायला लागली. त्याला कळवलं तर म्हणाला, "विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे." आणि पुड्या वाढवल्या, पैसेही. सातव्या आठवड्यात उजव्या बरगडीवर आग होऊन पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उठला. नागीण. तेव्हा बहिणीला सगळं सांगितलं आणि तिच्यासोबत रुग्णालयात गेले.

डॉक्टर रागावले नाहीत. पहिला प्रश्न विचारला, "बंद केलेल्या गोळ्यांत अबाकाविर होतं का?" कारण त्या औषधाची ॲलर्जी होऊन ते थांबवलं असेल, तर पुन्हा घेतल्यावर जिवावर बेतू शकतं. माझ्या गोळीत ते नव्हतं. मी नेलेली डबी त्यांनी उघडून पाहिली, मग चट्टे पाहिले. म्हणाले, मलमात जोरदार स्टेरॉइड असणार, त्याने खाज दबते आणि खाली नायटा मोकाट वाढतो. स्टेरॉइड पोटात गेलं की चेहरा फुगतो, म्हणून गाल पाहून त्यांना चूर्णाचाही संशय आला. सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं तर फारच कमी. म्हणजे पोटातूनही स्टेरॉइड जात होतं आणि शरीराने स्वतःचं बनवणं थांबवलं होतं. व्हायरल लोड पुन्हा हजारांत गेला होता, सीडी फोर १३० वर आलं होतं.

पैसे परत मागितले तेव्हा त्या माणसाने एकच वाक्य लिहिलं. "ताई, घरच्यांना माहीत आहे ना तुमचं?" नाव कुठे जाणार नाही, हा त्याचा पहिला शब्द होता, आणि माझ्याविरुद्ध वापरला तोही तोच. बहिणीला आधीच सांगितलं होतं म्हणून मी त्या रात्री मोडले नाही. तो निरोप आम्ही जपून ठेवलाय.

आज गोळ्या पुन्हा सुरू होऊन पाच महिने झाले. व्हायरल लोड परत खाली आलाय. पुटकुळ्या जवळजवळ गेल्या आहेत, काळे डाग आहेत, ते राहोत.

पुरळाबरोबर ताप, तोंडात फोड, लाल डोळे, सोलणारी कातडी, चेहऱ्यावर सूज, दम लागणं किंवा कावीळ यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. साध्या पुरळासाठी गोळ्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि अशी बिनलेबलची डबी किंवा पुड्या तुमच्याही घरात असतील तर घाबरून फेकू नका, घेणंही एकदम थांबवू नका. महिनाभर पोटात गेलेलं स्टेरॉइड अचानक सुटलं तर रक्तदाब कोसळू शकतो, माणूस बेशुद्ध होऊ शकतो. मला ते दीड महिन्यात हळूहळू उतरवून दिलं. डबी, पुड्या, सगळं पिशवीत घाला आणि आजच तुमच्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवा. मी नेलं तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "बरं झालं आणलंत."