फुकट पॉडकास्ट: जाहिरात की श्रोत्यांची वर्गणी?

पॉडकास्ट ऐकायला फुकट असला, तरी करायला फुकट नसतो. माइक, संपादन, होस्टिंग (म्हणजे भाग इंटरनेटवर ठेवण्याची सोय) आणि सगळ्यात महाग म्हणजे माणसाचा वेळ.

जाहिरातीचा मोठा गुण असा, की ज्याच्या खिशात पैसे नाहीत तोही सगळं ऐकू शकतो. मला हे फार मोलाचं वाटतं. पण दर बहुधा हजार डाउनलोडमागे ठरतो, त्यामुळे छोट्या कार्यक्रमाच्या हाती फारसं लागत नाही. शिवाय जाहिराती-जाहिरातींत फरक आहे. निवेदक स्वतःच्या आवाजात सांगतो ती चालून जाते. सर्व्हर डाउनलोडच्या वेळी आपोआप जोडतो ती मात्र कानाला खुपते. कुणी आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलतंय, गळा दाटून आलाय आणि मध्येच चढ्या आवाजात सवलतीचा कोड!

वर्गणीत ही कटकट नाही. पॅट्रिऑनसारखी, चाहत्यांकडून थेट वर्गणी गोळा करून देणारी ऑनलाइन सोय २०१३पासून आहे आणि मोजके निष्ठावान श्रोतेही एखादा छोटा कार्यक्रम तगवू शकतात. पण भागांना कुलूप लागलं, की नवा श्रोता दारातूनच परततो.

म्हणून माझा कौल जाहिरातीलाच. फक्त ती निवेदकाच्या आवाजात, सुरुवातीला एकदाच आणि ‘ही जाहिरात आहे’ असं स्पष्ट सांगून यावी.