नाशिकचं वाइन-वीकेंड बुक करताय? ताईच्या बाबतीत काय झालं ते आधी वाचा

समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपुरात ‘शुक्रवारी रात्री निघू, सोमवारी पहाटे परत’ अशा नाशिकच्या गप्पा बऱ्याच घरांत ऐकू येतात. शिवमडक्याला समृद्धीवर चढायचं, सिन्नरजवळ उतरायचं की नाशिक आलंच. या हौसेवर टपून बसलेले लोक आहेत, आणि माझ्या मोठ्या बहिणीचे २९,००१ रुपये त्यांनी नेले. तिच्या परवानगीने हे सगळं लिहितो आहे.

भाऊजी जानेवारीत रिटायर झाले. त्यांच्यासाठी ताईने फेब्रुवारीतला बेत आखला. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते, त्यामुळे मळे भरलेले असताना जायचं. शनिवारी वाइन टेस्टिंग, संध्याकाळ गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, रविवारी सकाळी मिसळ आणि मग नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरची ही पाणथळ जागा २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी येतात आणि ताईला पक्ष्यांचा भारी नाद. थोडक्यात, बेत चांगला अभ्यास करून केलेला होता. ‘अडाणी माणसंच फसतात’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बॅकवॉटरकाठच्या एका रिसॉर्टचं नाव तिने सर्च केलं. सगळ्यात वर जी साइट आली ती जाहिरात होती. रिसॉर्टचं नाव बरोबर, त्याला मागे ‘बुकिंग’ जोडलेलं. फोटो खऱ्या रिसॉर्टचे, उचललेले. तिथल्या नंबरवर व्हॉट्सअॅप केलं तर पाच मिनिटांत उत्तर. बोलणं हिंदीत, अदब भरपूर, प्रत्येक वाक्यात ‘मॅडम’. दोन खोल्या, दोन रात्री, जेवण, टेस्टिंग, सगळं मिळून २९,००० रुपये आणि निम्मे आगाऊ. ताईने १४,५०० पाठवले.

लगेच रिसॉर्टच्या लोगोचं बिल आलं आणि पाठोपाठ फोन: ‘मॅडम, रूम अलॉटमेंटचा कोड जनरेट होत नाहीये. १४,५०१ टाका. तो एक रुपया म्हणजे कोड आहे. रक्कम रिफंडेबल जीएसटी म्हणून पडते, दहा मिनिटांत आपोआप परत येते.’ फोन चालू ठेवायला लावून तिच्याकडून तेही करून घेतलं. पैसे परत आले नाहीत. उलट ‘सिस्टिममध्ये दोन्ही रकमा अडकल्या आहेत, सोडवायला एकदम २९,००२ टाका’ अशी मागणी सुरू झाली. तेव्हा ताईने फोन कापला आणि मला प्रतापनगरला बोलावून घेतलं.

मी तिच्या शेजारी बसून तो सगळा चॅट वाचला. त्यातला कार्यक्रम वाचताना माझं डोकं सणकलं. ‘सायंकाळी वायनरीच्या जेट्टीवरून बोटीने थेट रामकुंड, गोदाआरती, बोटीनेच परत.’ अहो, बॅकवॉटर धरणाच्या वरच्या अंगाला आणि रामकुंड शहरात, खालच्या अंगाला. मध्ये गंगापूर धरणाची भिंत उभी आहे, बोट जाणार कुठून? पुढे ‘सोमेश्वर धबधबा, फुल फ्लो’. फेब्रुवारीत! तो धबधबा बघायचा तर पावसाळ्यात. शिवाय ‘प्रत्येक जोडप्याला सहा बाटल्या भेट, गाडीत घेऊन जा’. नागपूरला परतताना समृद्धी वर्धा जिल्ह्यातून जाते आणि तिथे दारूबंदी आहे. खऱ्या धंद्यातला माणूस नागपूरच्या गिऱ्हाइकाला असली भेट देण्याआधी हे सांगेल. हा कार्यक्रम लिहिणाऱ्याने नाशिक कधी पाहिलेलंच नव्हतं. त्याने नदी, वाइन, आरती असे शब्द फक्त गोळा केले होते.

मग बिल बघितलं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. महाराष्ट्राचा अंक २७. या बिलावर ०८ होता, म्हणजे राजस्थान. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर करदाता शोधायची सोय आहे, लॉगिन लागत नाही, फुकट आहे. तिथे क्रमांक टाकला तर तो एका टाइल्सच्या दुकानाचा निघाला. त्या दुकानदाराला बिचाऱ्याला याचा पत्ताही नसेल. यूपीआयच्या पावतीवर तिसरंच नाव होतं, कुठल्यातरी ट्रेडर्सचं. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर जे नाव दिसतं ते बँकेच्या खात्यावरचं असतं, ते रिसॉर्टच्या नावाशी ताडून बघा. आणि जीएसटी ही काही परत मिळणारी अनामत नव्हे. आधी पैसे टाका म्हणजे पैसे परत येतील, असं कोणी म्हणालं की फोन ठेवायचा.

आम्ही ताबडतोब १९३० ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीसाठीची देशभराची हेल्पलाइन आहे. त्यांनी दोन्ही व्यवहारांचे बारा अंकी यूटीआर क्रमांक (पावतीवर असतो तो व्यवहाराचा नंबर), वेळ आणि रक्कम विचारून घेतली. तेवढं हाताशी ठेवूनच फोन करा. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर चॅटचे आणि बिलाचे स्क्रीनशॉट चढवले. घाई का, ते तेव्हा कळलं: पहिल्या खेपेचे पैसे त्या खात्यातून केव्हाच पुढे सरकले होते, दुसऱ्या खेपेतली काही रक्कम तिथेच होती, ती गोठवली गेली. ती हातात यायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं होतं.

बँकेत मात्र निराशा झाली. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, हा रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातला नियम आम्ही पुढे केला. तो आपल्या परस्पर झालेल्या व्यवहारांना लागतो, पिन स्वतः टाकला असेल तर लागत नाही, असं उत्तर मिळालं. नियमाने ते बरोबर असेल, पण फोनवर धरून ठेवून टाकायला लावलेला पिन ‘स्वतः टाकलेला’ कसा, हे मला अजूनही पटत नाही.

ताई पहिले दोन दिवस कोणाशी बोलली नाही. भाऊजींनी एका शब्दाने तिला दोष दिला नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटलं, कारण घरच्यांच्या बोलण्याच्या धाकानेच अनेक बायाबापड्या, म्हातारी माणसं तक्रार करायला उशीर करतात आणि तोवर पैसा निघून जातो.

त्या खऱ्या रिसॉर्टचा नंबर आम्ही नाशिकच्या एका ओळखीच्यांकडून मिळवला. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘असे फोन आम्हाला आधीही आलेत. आम्ही व्हॉट्सअॅपवर आगाऊ मागतच नाही.’ बुकिंगआधी हा एक फोन केला असता तर तिथेच उलगडा झाला असता. नंबर मात्र जाहिरातीतून घेऊ नका. मॅपवरचा नंबरही बदललेला असू शकतो. गावातल्या माणसाकडून किंवा तिथे जाऊन आलेल्याच्या जुन्या बिलावरून घ्या.

आठवडाभराने ताईला आणखी एक फोन आला. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, २,५०० प्रोसेसिंग फी भरा.’ तक्रार केलेल्या माणसांना असे फोन येतात, तेही फसवणुकीचेच. पैसे मिळवून द्यायला पोलीस फी घेत नाहीत. हा नंबर आम्ही संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’वर, म्हणजे संशयास्पद फोन-मेसेज कळवायच्या सोयीवर, नोंदवला. वायनरीची जेट्टी, रामकुंडापर्यंत बोट, कोडसाठी एक रुपया जास्त, असा मजकूर तुमच्या फोनवर आला असेल तर पैसे गेले नसले तरी तो तिथे नोंदवा. पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३०.