प्रॉक्समॉक्स: एक कापसाचा हंगाम वापरल्यानंतर

धरणगावच्या एका जिनिंगमध्ये प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच सर्वरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आतले वेगळे संगणक) चालवणारं सॉफ्टवेअर, बसवून अख्खा हंगाम काढला. एकाच जुन्या टॉवर सर्वरवर दोन व्हर्च्युअल मशीन आहेत. १०१ क्रमांकाच्या मशीनवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार), त्यात भुईकाट्याच्या वजनांचा डेटाबेस. १०२ वर विंडोज, त्यात हिशेबाचं सॉफ्टवेअर. शिवाय फाइलींसाठी एक छोटा कंटेनर, म्हणजे पूर्ण मशीनपेक्षा हलका, सर्वरच्याच लिनक्सवर चालणारा कप्पा. बसवायचं कसं याचे व्हिडिओ पायलीला पन्नास सापडतील, त्यामुळे ते सोडतो. लिहायचंय ते चालू-बंद करण्याबद्दल. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि माझं ठाम मत झालंय की चालू होताना येणाऱ्या बहुतेक एरर आदल्या बंद होण्यातून आलेल्या असतात.

दिवाळीनंतरच्या गर्दीतली एक सकाळ सांगतो. मुनीमजींचा फोन: "भाऊ, सर्वर चालू व्हत नही. बाहेर ट्रॅक्टरनी लाईन लागेल शे." काट्यावर भरलेली ट्रॉली उभी आणि पावती निघत नाही. प्रॉक्समॉक्सचं वेब पान उघडलं, खालच्या टास्क लॉगमधल्या लाल ओळीवर डबल क्लिक केलं, तर 'व्हीएम इज लॉक्ड' आणि पुढे कंसात 'बॅकअप'. रात्री २ वाजता बॅकअप सुरू असतानाच लाईट गेली, यूपीएस संपला, सर्वर धाडकन बंद. बॅकअप घेताना मशीनच्या कॉन्फिग फाइलमध्ये कुलपाची एक ओळ लिहिली जाते आणि काम संपलं की पुसली जाते. इथे पुसायला कोणी उरलंच नाही. सर्वरच्या कमांड लाइनवर 'क्यूएम अनलॉक १०१' दिलं, मशीन उठलं. पण हा आदेश देण्याआधी खरोखरच एखादा बॅकअप चालू नाही ना, हे टास्क लॉगमध्ये बघाच. चालू बॅकअपचं कुलूप तोडणं वेगळं आणि मेलेल्या बॅकअपचं काढणं वेगळं.

आता बंद करण्याकडे येतो. पडद्यावर 'शटडाउन' आणि 'स्टॉप' अशी दोन बटणं आहेत. स्टॉप म्हणजे सरळ वायर उपटणं, हे ऑफिसातल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. शटडाउन म्हणजे मशीनला विनंती. क्यूईएमयू गेस्ट एजंट (मशीनच्या आत बसून प्रॉक्समॉक्सचे आदेश ऐकणारा छोटा प्रोग्राम) नसेल तर ही विनंती एसीपीआयवरून जाते, म्हणजे पॉवर बटण एकदा दाबल्यासारखं. विंडोजमध्ये त्या बटणासमोर 'काहीही करू नका' असं ठरवलेलं असेल तर मशीन ढिम्म हलत नाही आणि थोड्या वेळाने 'पॉवरडाउन फेल्ड, गॉट टाइमआउट' येतं. म्हणून एजंट घालाच. डेबियनमध्ये एक पॅकेज, विंडोजमध्ये व्हर्टआयओच्या (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या ड्रायव्हरांच्या) आयएसओतून, म्हणजे सीडीसारख्या वापरायच्या फाइलीतून. गंमत अशी की प्रॉक्समॉक्सच्या पर्यायांमध्ये एजंट चालू केला, पण मशीनच्या आत तो बसवलाच नाही, तर शटडाउन आधीपेक्षा जास्त अडतं, कारण आदेश अशा माणसाला जातो जो घरातच नाही. 'क्यूएम एजंट १०२ पिंग' देऊन बघा, काही तक्रार न करता परत आला तर एजंट जागा आहे. हा पर्याय लागू व्हायला मशीन पूर्ण बंद करून चालू करावं लागतं, आतून रीस्टार्ट करून भागत नाही.

त्या आयएसओवरूनच आठवलं. काम झाल्यावर मशीनच्या सीडी ड्राइव्हमधून तो काढून टाका. जागा कमी पडते म्हणून पुढे कोणीतरी ती फाइल डिलीट करतं आणि पुढच्या वेळी मशीन 'व्हॉल्यूम डझ नॉट एक्झिस्ट' म्हणत उठतच नाही.

यूपीएसचं गणित मात्र फार कमी जण करतात. सर्वर बंद होताना प्रत्येक मशीनला १८० सेकंद मिळतात, तेवढ्यात बंद झालं नाही तर जबरदस्तीने बंद केलं जातं. मशीनना क्रम दिला असेल तर ती उलट्या क्रमाने, एकामागून एक बंद होतात. म्हणजे दोन मशीनना वाईटात वाईट ६ मिनिटं, त्यावर कंटेनर आणि खुद्द सर्वर. तुमचा यूपीएस उन्हाळ्यात, जुन्या बॅटरीवर तेवढा टिकतो का? आमचा टिकत नव्हता. बॅटरी बदलली आणि 'नट' नावाचं फुकट सॉफ्टवेअर घातलं, ते बॅटरी उतरली की सर्वरला बंद व्हायला सांगतं. त्यासाठी लागणारी यूएसबी वायर बहुतेक ठिकाणी यूपीएसच्या खोक्यातच पडलेली असते.

चालू होतानाचा क्रम: १०१ ला १, १०२ ला २, आणि मध्ये ६० सेकंदांची उसंत. ही उसंत १०१ वर लिहायची, १०२ वर नाही. डेटाबेस उठायच्या आत हिशेबाचं सॉफ्टवेअर त्याला शोधायला लागलं की नुसती बोंब.

सगळ्यात चकवणारी एरर एप्रिलमध्ये आली, जळगाव ४३-४४ अंशांवर तापलेलं असताना: 'केव्हीएम व्हर्च्युअलायझेशन कॉन्फिगर्ड, बट नॉट अव्हेलेबल'. दोन्ही मशीन बंद, कंटेनर मात्र मजेत चालू. तोच धागा होता, कारण कंटेनरला प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय लागत नाही. सर्वरची तारीखही कित्येक वर्षं मागे गेलेली. मदरबोर्डवरचा बटण सेल संपला होता, लांबलेल्या भारनियमनात बायॉस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) मूळ सेटिंगवर गेलं आणि व्हर्च्युअलायझेशन बंद झालं. सीआर२०३२ सेल किराणा दुकानातही मिळतो. तो बदलून बायॉसमध्ये व्हीटी-एक्स (इंटेलचं त्याच सोयीचं नाव) चालू केलं, आणि लाईट आल्यावर सर्वर आपोआप उठावा ही सेटिंगही पुन्हा लावली. झाकण उघडलंच होतं, तर पंख्यात अडकलेली रुईची फूसही काढली. जिनिंगमध्ये ते काम दर महिन्याचंच.

तक्रारी आहेत. लॉगिन केलं की सबस्क्रिप्शन नसल्याची खिडकी दर वेळी समोर येते. एररची भाषा मुनीमजींच्या उपयोगाची नाही. पण पैसे न देता एवढं सगळं मिळतंय आणि लॉगमध्ये खरं कारण सापडतंच. आदल्या वेळी काय झालं ते बघायला 'जर्नलसीटीएल -बी -१' आहे. लिनक्सची काळी खिडकी बघून घाम फुटत नसेल अशा कोणालाही मी हे सुचवेन. ज्यांच्याकडे असा माणूस हाकेच्या अंतरावर नाही, त्यांनी साध्या पीसीवर विंडोज टाकून रोजचा बॅकअप घ्यावा.