नवापूर तालुक्यातील मिशन अभ्यासशिबिर : एक अभिप्राय

नवापूर तालुक्यातील एका ख्रिस्ती मंडळीने पाळक, सुवार्तिक आणि सामान्य सभासदांसाठी निवासी शिबिर भरवले होते. विषय होता मिशनच्या, म्हणजे चर्चच्या सुवार्ता आणि सेवाकार्याच्या, बदलत्या कल्पनांचा. शुल्क माफक, जेवण साधे पण पोटभर, आणि हाती दिलेली अभ्यासपुस्तिका अपेक्षेपेक्षा पुष्कळच चांगली निघाली.

पुस्तिकेतील इतिहासाचा भाग विशेष सकस आहे. १९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत सुमारे १२०० प्रतिनिधींमध्ये आशियातील माणसे जेमतेम वीस होती, आणि त्यांच्यापैकी भारतीय पाळक व्ही. एस. अझरिया यांनी परदेशी मिशनऱ्यांकडे मदतीच्या पलीकडे जाऊन मैत्री मागितली. १९५२ च्या जर्मनीतील विलिंगेन मिशनरी परिषदेपासून मिशन मुळात देवाचे आहे, चर्च त्यात केवळ सहभागी होते, हा विचार रुळत गेला. आणि जागतिक चर्च परिषदेच्या २०१२ च्या निवेदनाने उपेक्षितांना मिशनचे कर्ते मानले. एवढा प्रवास थोड्या पानांत, कुठेही रटाळ न होता मांडला आहे.

घोडे अडते ते पुढे. व्याख्याते सगळे शहरातले, त्यांची मराठी ग्रंथी, आणि मावची ही आदिवासी बोली बोलणाऱ्या बायका शेवटच्या रांगेत. दुपारी ‘गावाच्या गरजा’ नोंदवण्यासाठी जो कागद वाटला, त्यावर वह्या, कपडे, औषधे, शिलाई मशीन असे पर्याय आधीच छापलेले होते. आपण फक्त खूण करायची. एका वयस्क बाईंनी कागद परत केला आणि विचारले की यात मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली रक्कम, कुठे आहे? दिवाळीनंतर अर्धे गाव ऊसतोडीला गुजरातेत जाते, उचल फिटेपर्यंत परतता येत नाही, आणि मंडळीचा मिशन सप्ताह मात्र नेमका जानेवारीत, घरांना कुलपे असताना. आयोजकांच्या बाजूने सांगायला हवे की त्यांनी ठरलेले व्याख्यान तिथेच थांबवले आणि पुढचा सगळा वेळ या बायकांना दिला. कार्यक्रमपत्रिकेत नसलेले हे सत्र सर्वांत मोलाचे ठरले. (दुभाष्याचे काम दहावीतल्या एका मुलीने केले, तेही उत्तम.)

माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. शहरी मंडळ्यांच्या कमिटी सभासदांनी जरूर जावे. पुढचे शिबिर दिवाळीआधी घ्यावे, पुस्तिका मावची आणि वसावी या बोलींतही काढावी, आणि तो छापील कागद रद्द करावा, असे आयोजकांना लेखी कळवले आहे.