सदाशिव पेठेतली अभ्यासिका: जागा झकास, ट्यूबलाइट त्रास

दुसरा मजला, लिफ्ट नाही. महिना १२०० रुपये, लॉकरचे १०० वेगळे. मी एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑटिझम आहे, म्हणून बारीक आवाजही टोचतात; जोडीला एडीएचडीही, म्हणजे लक्ष पटकन भरकटतं. तेव्हा हे परीक्षण कानांनी लिहिलंय असं समजा.

३७ नंबरची जागा मिळाली तर सोडू नका. कोपरा, पाठीशी भिंत, मागून कुणी जात नाही. शिवाय जागा ठरलेली, रोज नवी शोधायची कटकट नाही. माझे अर्धे पैसे इथेच वसूल झाले.

पण डोक्यावरची ट्यूबलाइट सतत ‘झिं’ करते. बाकीच्यांना ऐकूच येत नाही म्हणे. शेजारचा एमपीएससीवाला पेनाचं टोपण टकटकवतो, तो कानात बोळे घातले की गायब होतो. ट्यूब होत नाही. अभ्यासिका सांभाळणाऱ्या काकांना सांगितलं, तर म्हणाले, "अगं, पेटतेय की!"

काका तसे भले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे प्रमाणपत्रावर मला पेपरला तासामागे २० मिनिटं जादा मिळतात. म्हणजे तीन तासांचा सराव पेपर चार तासांचा. सातला बसले तर अकरा वाजतात, आणि कुलूप दहाला. भीत भीत विचारलं. "बस गं, मला तरी घरी जाऊन काय करायचंय!"

स्वच्छतागृह बरं. खालच्या वडापावचा वास पाचला वर येतो, तेव्हा मी सरळ खाली जाते.

पाचपैकी साडेतीन. ट्यूब बदलली की चार करीन.