आइसलँड : छतावर तंबूवाली गाडी की साधी व्हॅन?

आम्ही दोन्ही करून पाहिलं. पहिल्या जुलैत छतावर तंबू बसवलेली फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेली गाडी) घेतली, दोन वर्षांनी मागे गादी टाकलेली छोटी व्हॅन.

फोर बाय फोरचं एक मान्यच करायला हवं. 'एफ' अक्षराच्या डोंगरी रस्त्यांवर साध्या गाडीला मनाई आहे. डोंगराळ भागातल्या लांडमन्नालौगरला स्वतःच्या गाडीने जायचं तर व्हॅनचा विषयच संपला. अर्थात, या रस्त्यांवरचा ओढा ओलांडताना इंजिनात पाणी शिरलं तर विमा बहुधा हात वर करतो.

पण रात्रीचं काय? दक्षिण किनाऱ्यावरच्या वीक गावातल्या कॅम्पसाइटवर एकच्या सुमाराला वारा सुटला. तंबूचं कापड असं फडफडायला लागलं की शेजारी झोपलेल्या बायकोचं बोलणं ऐकू येईना. शेवटी शिडीवरून उतरलो आणि पावसात तंबू मिटायला घेतला. पट्ट्याचं बकल बधिर बोटांना लागता लागेना. जुलैतली रात्र, त्यामुळे उजेड होता. आमची फजिती शेजारच्या व्हॅनवाल्यांना काचेतून व्यवस्थित दिसत असणार. उरलेली रात्र पुढच्या सीटवर बसून काढली. संध्याकाळी तंबू उघडला तर गादी ओलीचिंब.

व्हॅनमध्ये असा वारा दोनदा लागला. गाडी हलली, आम्ही कूस बदलली. डिझेल हीटर इंजिन बंद असतानाही चालतो. काचांवर आतून घाम येतो, सकाळी फडक्याने पुसावा लागतो, एवढीच कटकट. दार मात्र हातात घट्ट धरूनच उघडायचं. वाऱ्याने उलटं फिरलेलं दारही विम्यात सहसा बसत नाही.

देशाला वळसा घालणाऱ्या रिंग रोडचा १,३०० किलोमीटरहून मोठा फेरा २०१९ पासून सगळा डांबरी आहे, त्याला व्हॅन पुरते. रस्त्याकडेला झोपायची सोय दोन्हींत नाही, कॅम्पसाइटचे पैसे दोन्हींत लागतात.

पाठ ठणठणीत असेल आणि निम्मे दिवस डोंगरातच काढायचे असतील, तर माझं ऐकू नका. आम्ही दुसऱ्या खेपेला लांडमन्नालौगरला रेक्याविकहून उन्हाळ्यात सुटणाऱ्या उंच चाकांच्या बसने गेलो. ओढा आला तेव्हा मी खिडकीशी बसून पाणी बघत होतो. आधीच्या वेळी चाकापुढचे दगड सोडून काही दिसलंच नव्हतं.